साडेचार हजार पाटील

सकाळपासून काट्यावर एकेका बैलगाडीच्या वजनाची पावती कॉम्प्युटरवर निघायला सात-सात मिनिटं लागत होती. बारा वाजेपर्यंत गाड्यांची रांग साखर कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडून एसटीच्या थांब्याला जाऊन भिडली. बैल उन्हात उभे, ऊस जागच्या जागी वाळतोय, आणि गाडीवानांच्या तोंडावर हात कोण ठेवणार? 'कॉम्प्युटर' हा शब्द शिवीसारखा कसा वापरायचा, ते त्या दिवशी सांगलीच्या अख्ख्या रस्त्याला कळलं.

वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर रूममध्ये प्रभावती चौगुले पडद्यासमोर बसली होती. तिच्या शेजारी पुण्याहून आलेला इंजिनिअर देवदत्त, आणि दारात कारखान्याचे एमडी साहेब. साहेबांच्या मागे दोन शिपाई उभे होते, वजनाच्या जुन्या वह्यांचे गठ्ठे घेऊन.

"साहेब, मशीन लहान पडतंय," देवदत्त म्हणाला. "प्रोसेसरला भार झेपत नाही. नवा सर्व्हर घ्यावा लागेल. तोपर्यंत पावत्या हातानं लिहा."

"एक वाजता वह्या काट्यावर जातील," साहेब म्हणाले. "प्रभावतीबाई, तुम्ही उद्यापासून परत टाइम ऑफिसात."

टाइम ऑफिसात म्हणजे कामगारांच्या हजेरी कार्डांवर शिक्के मारायला. प्रभावतीला ते नको होतं, अजिबात नको होतं. या मशीनचा तिला लळा लागला होता. चारचौघांत सांगावी अशी गोष्ट नव्हती, पण होतं ते असं.

"साहेब, प्रोसेसर दमलेला नाही," ती म्हणाली आणि पडद्यावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हा बघा, बराच वेळ नुसती वाट बघत बसलाय. दमलीय ती डिस्क. नव्याण्णव टक्के, शंभर टक्के, परत शंभर. सकाळपासून तिला श्वास घ्यायला सवड नाही."

देवदत्तनं वाकून पाहिलं. कपाटाएवढ्या सर्व्हरच्या पोटातून कर्रकर्र आवाज एकसारखा येत होता, तो त्यानंही आत्ता पहिल्यांदा नीट ऐकला असावा.

"पण वजनाच्या पावत्या तर एवढ्याशा असतात," तो पुटपुटला. "मग डिस्क वापरतंय कोण?"

प्रभावतीनं चालू कामांची यादी काढली. काट्याची दोन कामं तळाशी बिचारी दडून बसली होती. त्यांच्या वर एकच नाव चौदा ओळींत: सभासद-शोध. चौदाच्या चौदा कामं एकाच टर्मिनलवरून सुटलेली. शेतकी ऑफिस.

तिनं इंटरकॉम उचलला. पलीकडे तिथले क्लार्क नानासो होते.

"नानासो, सकाळपासनं काय शोधताय?"

"दुसरं काय? लोकं येऊन इचारत्यात, आमच्या उसाची तोड कवा हाय. मी नाव घालून बघतोय. पर तुमचं मशीन लय येडं हाय, उत्तरच देत न्हाई. मग बटण बंद करतो, परत चालू करतो आनि परत नाव घालतो."

"नाव म्हणजे नेमकं काय घालता?"

"आता काय घालणार? पाटील."

प्रभावतीनं कपाळाला हात लावला. कारखान्याचे अकरा हजार सभासद, त्यातले साडेचार हजार पाटील. हा प्रोग्रॅम पुण्यात लिहिणाऱ्याला वाटलं असेल, आडनाव घातलं की दहा-वीस माणसं निघतील. इथं एकेक शोध साडेचार हजार पाटलांच्या शेतांतून हिंडत होता. नानासोंनी बटण बंद केलं की फक्त त्यांचा पडदा विझायचा. सर्व्हरमधला शोध चालूच राहायचा. म्हणजे चौदा नानासो एकच कपाट उचकत होते, आणि काट्यावरची पावती मागं ताटकळत उभी.

"ही चौदा कामं मारते," ती म्हणाली.

"डेटा बिघडला तर?" देवदत्तनं विचारलं.

"शोध नुसता वाचतो. लिहीत काहीच नाही. बिघडेल कसा?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. एकला दहा मिनिटं कमी होती.

"मारा," ते म्हणाले.

"नानासो, बटणाला हात लावू नका," तिनं इंटरकॉमवर बजावलं. "आणि यापुढं पाटील नको, सभासद नंबर विचारा." मग ती एकेक काम मारत गेली, तसा डिस्कचा आकडा उतरत गेला. शंभर. एक्क्याण्णव. चौसष्ट. बारा. कर्रकर्र थांबली, आणि खोलीत एसीची घरघर ऐकू यायला लागली.

साहेब खिडकीशी गेले. खाली एक गाडी काट्यावर चढली आणि लगेच उतरली. दुसरी चढली. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ लावून तिसरी मोजली: पंचवीस सेकंद. रांग हलली, घुंगरं वाजायला लागली, कोणीतरी शीळ घातली. प्रभावतीला खुर्चीत बसवेना.

"वह्या गोदामात ठेवा," साहेब शिपायांना म्हणाले.

देवदत्तनं खिशातून पेन काढलं. "मॅडम, डिस्क बघायची ती कमांड जरा परत सांगता?"

ती सांगत होती तेवढ्यात इंटरकॉम खणखणला. काट्यावरचा आकाराम एवढ्या जोरात ओरडत होता की दारातल्या शिपायांनाही ऐकू गेलं.

"आवं बाई, जरा दमानं घ्या की! सकाळपासनं बसून पाय आखडल्यात, एकदम एवढ्या गाड्या आवरंनात! मशीन वाईच हळू करा!"

"न्हाई जमायचं, आकारामदा," प्रभावती साहेबांच्या देखत म्हणाली. "आता तुमीच पळा."