गंजखाऊ

राक्षसांच्या जाड पुस्तकातल्या गंजखाऊला आजवर कुणी खेळात घेतलं नव्हतं. शर्वरी गोष्ट रचायची आणि तिचे मित्र फासे टाकत त्या गोष्टीतले योद्धे व्हायचे, असा तो खेळ. गंजखाऊकडे ना खजिना, ना आग ओकणारं तोंड. तो बिचारा फक्त लोखंड खायचा. पण ड्रॅगन मारून मारून सगळे कंटाळले होते, म्हणून या रविवारी शर्वरीने खेळातल्या गुहेच्या तोंडाशी त्यालाच बसवलं.

फासे पडले. चौघा मित्रांच्या तलवारी गंजखाऊने मिटक्या मारत फस्त केल्या.

"आता नुसत्या हातांनी मारायचं याला?" हृषीकेश वैतागला.

"मारता कशाला? भुकेलाय तो."

सगळ्यांनी वळून पाहिलं. खिडकीशी शर्वरीचे वडील, अण्णा, बसले होते. कारखाना बंद पडून लोखंड कातायचं लेथ मशीन हातून सुटलं, तेव्हापासून आठ महिने ते हो-नाहीपलीकडे काही बोलले नव्हते.

"लेथखाली लोखंडाचा कीस ढिगाने पडतो," ते म्हणाले. "तो घाला त्याला. पोट भरलं की सोडेल वाट."

"पण काका, गुहेत लेथ चालवणार कोण?" हृषीकेशने विचारलं.

"तीस वर्षं कोण चालवत होतं?" म्हणत अण्णांनी आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि फाशांसाठी हात पुढे केला.

शर्वरीने फासे दिले. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून, पुस्तकाला पाय लागल्यावर करतात तसा, तिने गंजखाऊच्या चित्राला बोटं टेकवून नमस्कार केला.