दाट रक्त

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाल्यापासून त्याला दाढी आली, आवाज फुटला आणि रक्तही दाट झालं. "एक पिशवी रक्त देऊन या," डॉक्टर म्हणाले. रक्तपेढीत आई सोबत आली. तिच्या तोंडचं 'आलीस का, जेवलीस का' अजून गेलं नव्हतं.

पिशवी भरू लागली तशी नर्स म्हणाली, "लहानपणी चांगलं खाऊपिऊ घातलेलं दिसतंय, आई!"

आईला हसू आलं. "कसलं हो! अंगात रक्त म्हणून नव्हतं. नुसती पांढरीफटक. औषधाची बाटली काढली की पलंगाखाली जाऊन बसायची."

"कोण, मुलगी?"

त्याने डोळे मिटून घेतले. हातातला रबरी चेंडू दाबायचाही राहून गेला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, "नाही हो, हाच. पलंगाखाली जाऊन बसायचा. मी पाय धरून ओढलं की खदाखदा हसायचा. औषध घेतलं की लगेच माझ्याच पदराला तोंड पुसायचा. लहानपणापासून असाच आहे हा."