हातचा घास

गब्रूचं पोट फुगलं होतं, धाप थांबत नव्हती. गुरांच्या डॉक्टरानं विचारलं, “मावशी, कुत्र्याले काय चारता?” बयनाबाईनं तोऱ्यात सांगितलं, “लेकीनं आदिलाबादहून ह्याच्या खाण्याचा पुडा आणला. त्यात म्हणे हाडाचा चुरा! आमी माळकरी, उकिरड्यावर फेकला. तवापासून भाकरीत सरकीची ढेप कालवून माह्या हातानं चारून राह्यली. म्हशीले मानवते, मंग ह्याले काऊन नाही?” डॉक्टराचा चेहरा पडला. “सरकीतलं जहर म्हशीले पचते. कुत्र्याचं काळीज त्यानं निकामी होते.” बयनाबाई गब्रूपाशी जाऊन बसली. सकाळी तो खात नव्हता, तेव्हा तिनंच गोंजारून भरवलं होतं. ढेप अजून बोटांना चिकटलेली. तिला जवळ पाहून गब्रूनं कशीबशी मान उचलून ती बोटं चाटायला जीभ काढली. चटका बसावा तसा तिनं हात ओढला. आपलंच चुकलं असं वाटून गब्रूनं शेपटी पायांत घातली.