वळणावरची दरड

“अप्पा, वेड्या राघूंची बिळं ह्याच वळणावर होती ना? मी शाळेत असताना तुम्हीच दाखवली होती.”

शिवप्रियाने दुर्बीण खाली घेतली. समोर तेरणा नदीचा काठ पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडांनी बांधलेला होता. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी वीरप्पांची ही लेक पहाटेपासून वहीत पक्ष्यांच्या नोंदी करत होती. शेकाट्यांची जोडी, तीन टिबुकल्या, एक खंड्या. वेड्या राघूंची ओळ तेवढी रिकामी होती.

वीरप्पांनी वाट दाखवायला आलेल्या म्हाताऱ्या वलीकडे पाहिले. तो आता काय बोलून जाईल, याचीच त्यांना धास्ती वाटत होती.

बारा वर्षांपूर्वी, काठ ढासळू नये म्हणून हे दगड बसवले गेले ते अभियंता वीरप्पांच्या देखरेखीखाली. वली त्या कामावर गवंडी होता. ऐन मे महिन्यात तो हात जोडून म्हणाला होता, “साहेब, बिळांत पिल्लं हायत. पंधरा दिस थांबा, मेहेरबानी करा. उडून जातील.”

“माझ्या वेळापत्रकात राघू नाहीत,” वीरप्पा म्हणाले होते.

आयुष्यभर प्रत्येक बांधकाम स्वतः टेप धरून मोजणाऱ्या या माणसाने त्या वळणाचे काम मात्र रस्त्यावरून, जीपमध्ये बसूनच तपासले. खाली उतरायला पाय धजला नव्हता.

वलीने तोंड उघडण्याआधी आपणच सांगावे, असे त्यांनी ठरवले.

“बिळं मी बुजवली, शिवप्रिया. आत पिल्लं असताना. वलीनं विनवलं होतं, तरी.”

शिवप्रियाने वही मिटली. बापाकडे तिने पाहिलेही नाही.

“साहेब,” वली चाचरत म्हणाला, “जरा म्होरं चला.”

बाभळींच्या दाटीमागे दगड एकाएकी संपले. दहा-बारा पावलांची उघडी पिवळी दरड, तिच्यात बिळेच बिळे, आणि चोचीत चतुर धरून आत शिरणारे हिरवे राघू.

“एवढा तुकडा आमी सोडला. वरून बाभळीनं दिसत न्हाय. मागनं बांधू म्हणलं, पर ऱ्हाऊन गेलं. तुमी बगायला उतरता का काय, म्हणून लई भ्यालो हुतो.”

शिवप्रियाचे डोळे भरून आले. तिने वीरप्पांचा हात धरला. “अप्पा, म्हणजे तुमच्या हातून काही झालंच नाही! बारा वर्षं उगाच मनाला लावून घेतलंत.”

वीरप्पा दरडीकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात हळूच सोडवून घेतला.

“वली, त्या दिवशी मी खाली उतरलो असतो, तर?”

वली कसनुसा हसला. “कशाला आता तो इषय, साहेब?”

“तिथल्या तिथं उभं राहून मीच ही बिळं बुजवायला लावली असती,” वीरप्पा म्हणाले.