सावडीतलं सदतिसावं नाव

“हे सांगितलं तर पेणमध्ये कुणी विश्वास ठेवणार नाय, आणि रोह्यात तर मला खुळ्यातच काढतील,” असं म्हणत गुणाजीकाकांनी स्टूल पुढे ओढलं. “पण एलियाहच्या साईटवरनं आपलं नाव निघालं. माझ्या डोळ्यांदेखत.”

भूमिकानं लॅपटॉपवरची नजर काढली नाही. “मला तर अजून दिसतंय, काका.”

“तुला जुनं दिसतंय. नवं रोह्यासनं निघालंय, वाटेत असंल.”

कारखान्यात फळ्यांवर शाडूच्या अडीचशे मूर्ती दाटीवाटीनं बसल्या होत्या. आषाढ सरत आला होता आणि त्यातल्या एकीलाही गिऱ्हाईक ठरलेलं नव्हतं. खिडकीपाशी भूमिकाच्या सासूबाई, विमलबाई, एका मूर्तीचे डोळे आखत होत्या.

लावणीला सावड करतात, आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत, उद्या माझं. तशी काकांनी वेबसाईटांची सावड केली होती. दोन वर्षं एसटीनं पेण-रोहा करून सदतीस धंदेवाले जमवले. बोअरवेलवाल्यानं आपल्या साईटवर विमलबाईंच्या गणपतींची लिंक लावायची, विमलबाईंनी गणपतीच्या पायाशी बोअरवेलची. त्याच पायाशी धाटावची जुनी पिंपं, डोलवीची खानावळ आणि संडासाची टाकी उपसणारा असे सगळे येऊन बसले. वैशाखात गुगलची नोटीस आली : एकमेकांना वर चढवण्यासाठी केलेली लिंकांची अदलाबदल चालणार नाही. त्या दिवसापासून ‘पेणचा शाडूचा गणपती’ असं शोधलं की पेणचे बाकीचे कारखाने दिसायचे. हा सोडून.

आता फेरविचाराचा अर्ज लिहून तयार होता. ‘सगळ्या लिंक काढल्या आहेत,’ असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आपल्या साईटवरच्या लिंक भूमिकानं स्वतः काढल्या. पलीकडच्या छत्तीस जणांना फोन करकरून काढायला लावल्या. सदतिसावा एलियाह, रोह्याचा ज्यू तेलघाणीवाला. त्याची भावंडं केव्हाच इस्रायलला गेली, हा घाणीपाशी राहिला. काकांचा तो शाळेपासूनचा सोबती, म्हणून त्याचं काम काकांनी मागून घेतलं होतं. एक जरी लिंक शिल्लक सापडली तर अर्ज परत येणार होता, आणि दुसऱ्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत बाप्पा घरोघरी बसलेसुद्धा असते. दुसऱ्या कारखान्यांतले.

“त्यांना एक फोन करून विचारू का?” भूमिका म्हणाली.

“फोन? मी काय मेलो काय गो? समोर बसलेला साक्षीदार सोडून फोन कशाला?” काकांनी मांडीवर थाप मारली. “सकाळची गाडी चुकली. म्हटलं, मालगाडी काय वाईट? छत्री आडवी धरली, थांबली! पोलाद भरलेली, पंचेचाळीस डबे. डायवर म्हणतो, काका, बसा. आमच्या घरचा गणपती विमलबाईंच्या हातचा. तुम्हाला नाय म्हटलं तर तो यंदा माझ्याकडं बघायचा नाय.”

“मालगाडी थांबली?”

“थांबली म्हणजे? मला उतरवायला रोह्याला परत थांबली. पण खरी पंचाईत पुढंच. एलियाह ऐकंना. म्हणतो, गुणाजी, सावडीला आलेल्या माणसाला चिखलातनं परत पाठवतात काय? मी काय तुझ्याकडं नाव लाव म्हणून आलो होतो? तूच आलास. आता तूच काढ म्हणतोस?”

इथं काकांचा आवाज जरा खाली गेला. मग त्यांनीच तो वर उचलला.

“तेवढ्यात अमेरिकेतनं फोन! गुगलचा मोठा साहेब. म्हणतो, गुणाजीराव, मी पेणचे पोहे खायला येणारच हाय, पण आधी तेवढं नाव काढून घ्या. मराठीत म्हणतो! एलियाहच्या हातात दिला फोन. तो उभाच राह्यला.”

भूमिका हसली. नोटीस आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, आणि ते बघून काकांना आणखी चेव आला.

“मग?”

“मग काय! घाणी बंद केली. तेलाचे हात पुसले. चष्मा चढवला, कॉम्प्युटर लावला, अशी दोन बोटं ठेवली नि दाबलं बटन. टक्! आपलं नाव साफ. मला म्हणतो, झालं समाधान? म्हटलं, झालं. काल शनवारी, बरोबर अकराला. धाटावचा भोंगासुद्धा वाजला तेव्हा, हवं तर भोंग्याला विचार.”

“एखादा दिवस जुनं पान दिसत राहतं खरं,” भूमिका स्वतःशीच म्हणाली. तिनं अर्ज वरपासून खालपर्यंत एकदा वाचला. बाण सरकवत ‘पाठवा’वर आणला.

काका स्टुलावर सैल झाले. “पाठव, पाठव. बाप्पाचं नाव घे नि पाठव.”

“थांब गो भूमिका.”

विमलबाईंनी कुंचला मूर्तीपासून लांब धरला होता. डावा डोळा झाला होता, उजवा राहिला होता.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “शनवारी एलियाह घरातल्या दिव्याचं बटनसुद्धा दाबत नाय.”