ग्यानबाच्या भुवया

लिंबाजीनं हळकुंड मोडलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. मग एकच डोळा किलकिला करून समोरच्या ग्यानबाकडं पाहिलं. ग्यानबाच्या भुवया टोपीला जाऊन टेकल्या होत्या.

"एक नंबर माल," लिंबाजी म्हणाला. शेठनं मान डोलावली.

वसमतच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, हळदीची पारख करता करता त्याला एकतीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची तीन नाकाशिवाय गेली. त्याची बसायची जागा रस्त्याला लागून. दिवसाला साठ-सत्तर ट्रक, तेही इंजिन चालू ठेवून उभे. ट्रक त्यानं मोजले होते. धूर कुणी मोजला नव्हता. जोडीदार ग्यानबाला वास येत होता, आणि त्याच्या पोटात काही राहत नसे, सगळं तोंडावर. माल चांगला असला की भुवया वर, कुबट असला की ओठ मुरडलेच. हल्ली तर तो फारच तोंडं करी, तमाशातल्या सोंगाड्यासारखी. म्हातारपणी माणूस चळतो, असं लिंबाजी मनात म्हणे आणि त्याच तोंडावर निकाल देई.

खिशात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. परवाचीच, तरी घडीवर फाटायला आलेली. वैशाखातला घाम, दुसरं काय.

"धूर नुसता छातीत उतरत नाही," बाई म्हणाल्या होत्या. "त्यातली बारीक धूळ नाकाच्या वाटेनं मेंदूपर्यंत पोचू शकते. आधी वास जातो. पुढं विसर पडू शकतो. रोज सोबत असणाऱ्या एकाला सांगून ठेवा. तो लक्ष ठेवील."

सांगायचं, आणि ते शेठच्या कानावर गेलं तर काम गेलं. दोन दिवस लिंबाजीनं ते गिळलं. आज मात्र थकला. नाक नसताना नाकाचं काम करणं माणसाला फार दमवतं.

दुपारच्या चहाला तो म्हणाला, "ग्यानबा, शेठला बोलू नको. मला वास येत न्हाई. तीन वर्सं झाले, तुझं थोबाड बघून भाव सांगून राहिलो. तू येवढे सोंगं करतोस म्हणून निभलं बाबा."

ग्यानबा दचकला नाही. त्यानं बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या.

"होळीपासून चौथ्यांदा सांगून राहिलास, लिंबाजी. पहिल्यांदा सांगितलंस, तवापासूनच तर मी सोंगं करून राहिलो."