आधी मला काढून दाखव

"आधी मला काढून दाखव," असं म्हणत ताईंनी आपला फोन भाच्यासमोर सरकवला.

भाचा बघतच राहिला. तासभर घसा कोरडा करून तो समजावत होता, कामाच्या निरोपांसाठी कोणतं ॲप बरं पडेल ते. ह्यात व्हिडिओ आहे, त्यात स्टिकर आहेत. घरच्या मारहाणीतून पळून आलेल्या बायकांचं निवारागृह चालवायचं, तिथं स्टिकर काय चाटायचेत?

"आत्या, तू तर इथली मुख्य. तुला कशाला काढायचं?"

"ड्रायव्हरला काढलं नव्हतं म्हणून."

नोकरी सोडताना ड्रायव्हरला थाटात निरोप दिला होता, मनगटी घड्याळसुद्धा दिलं होतं. ग्रुपमधून त्याचं नाव काढायचं तेवढं राहिलं. ते काम ताईंचं होतं. वर्षभर इथला प्रत्येक निरोप त्याच्या फोनवर बिनबोभाट जात राहिला. त्यानं कुणाजवळ तरी तोंड उघडलं आणि गेल्या महिन्यात, निवाऱ्याला आलेल्या बायकांतल्या शिलाईवालीचा नवरा थेट जुन्या घराच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. भर दुपारी सगळ्यांना ह्या नव्या घरात हलवावं लागलं. शिलाईवालीचं हे तिसरं घर. तिच्या लेकीनं बॅगेतले कपडे अजून बाहेर काढले नव्हते. शिलाईवालीनं ताईंना एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच ताईंना आतून खात होतं.

भाच्यानं पहिल्या ॲपमधून ताईंना काढलं. जुने निरोप फोनवर जसेच्या तसे.

"बाद!"

दुसऱ्यातही तीच गत. वर सगळा मजकूर कुठल्यातरी परक्या कंपनीच्या मशीनवर.

"तेही बाद. पुढे चल."

तिसऱ्याचा कोड सगळ्यांसाठी खुला होता, आणि ते आपल्याच मशीनवर चालत होतं. मशीन कसलं, वहीएवढा काळा डबा. भाच्यानं तो कागदपत्रांच्या लोखंडी कपाटात ठेवला होता.

"खुला? अरे, मग कुणीही आत शिरेल की!"

"नाही गं. कुलूप कसं बनवलंय ते कुणीही तपासून बघावं. किल्ली मात्र आपल्याकडे."

त्यानं बटण दाबलं. ताईंच्या फोनवरची नावं, पत्ते, निरोप, सगळं गेलं. पांढऱ्या पडद्यावर नुसती पासवर्डची चौकट उरली. ताईंनी चारदा इकडेतिकडे बोट मारून पाहिलं. काही म्हणजे काही दिसेना.

"हेच घ्यायचं. ठरलं."

"मग मुख्य पासवर्ड मी ठेवतो. माणसं घ्यायची, काढायची, ते त्यावरूनच होतं."

"तू नाही."

भाच्याचा चेहरा पडला. "माझ्यावर विश्वास नाही?"

"माझा माझ्यावर तरी कुठं आहे? विसरले ती मीच ना!" ताईंनी दारात जाऊन हाक मारली. शिलाईवाली आली. गळ्यात टेप तसाच होता.

"हिला कॉम्प्युटर कुठं येतो, आत्या?"

"मग शिकव. जिचा जीव टांगणीला लागतो, ती विसरायची नाही."

भाच्यानं खुर्ची पुढे केली. "हे बघा, आत कोण आणि बाहेर कोण, ते आता तुम्ही ठरवायचं. कुणी काम सोडलं की त्याच दिवशी त्याला काढायचं."

शिलाईवालीनं विचारलं, "आणि ताईंनीच सोडलं तर?"

"तर मलासुद्धा," ताई म्हणाल्या. "त्याच दिवशी."

ती खुर्चीत बसली. एका बोटानं नव्या पासवर्डचं पहिलं अक्षर दाबलं आणि थांबली. मग दुसऱ्या हाताचा आडोसा केला.

"ताई, तुम्ही जरा तिकडं बघा."

ताई झटकन भिंतीकडे वळल्या, आणि ती "झालं" म्हणेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.